किनाऱ्याकिनाऱ्यानं: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की भारताच्या किनाऱ्याबद्दल काहीही विचारा, प्रवास, इतिहास, मासे, माणसं, काहीही. इतकी पत्रं आणि मेसेज आले की सगळे इथे मावत नाहीत, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं मुद्दाम दिली नाहीत, फक्त गाव दिलंय.

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको रिटायर झालोय. गाडी आहे, वेळ आहे. गुजरातपासून बंगालपर्यंत अख्खा किनारा एका दमात करायचा विचार आहे. एकूण किती किलोमीटर होतील आणि सुरुवात कुठून करावी? (नागपूर)

आधी किलोमीटरचं सांगते कारण त्यातच गंमत आहे. शाळेत आपण सगळ्यांनी ७५१६ किमी पाठ केलं, ती मोजणी १९७०च्या दशकातली. आता गृहमंत्रालयाच्या २०२३-२४च्या अहवालात आकडा आलाय ११,०९८ किमी! जमीन वाढलेली नाही, नकाशा बारीक झालाय. जुनी मोजणी फार ढोबळ नकाशावर केलेली, नवीन मोजणी १:२,५०,००० च्या नकाशावर, त्यामुळे प्रत्येक खाडी, प्रत्येक वळण, प्रत्येक आत घुसलेली पाण्याची जीभ मोजली गेली. गुजरात १२१४ वरून २३४० वर गेलं, महाराष्ट्र साधारण ६५२ वरून ८७८ वर, आणि बंगाल तर १५७ वरून थेट ७२१ वर, कारण सुंदरबनात सरळ रेष अशी काही नाहीच. अजून बारीक मोजलं तर अजून वाढेल.

तुमच्या प्लॅनला हेच लागू होतं. हायवेनं गेलात तर काही आठवड्यांत संपेल आणि किनारा दिसणारच नाही, कारण हायवे खाड्या टाळून आतून जातो. म्हणून माझं प्रामाणिक मत, एका दमात नका करू. तुकडे पाडा. पश्चिम किनारा नोव्हेंबर ते फेब्रुवारी छान. तमिळनाडूत मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हाच त्यांचा मुख्य पाऊस, वादळंही तेव्हाच, म्हणून तिकडे जानेवारीनंतर जा. ओडिशाला जानेवारी-फेब्रुवारी, तेव्हा चिलिका सरोवरात बाहेरून आलेले पक्षी असतात आणि सातपाड्याच्या बाजूला इरावडी डॉल्फिनही बघायला मिळतात.

पहिला तुकडा कोकणचाच करा, अलिबाग ते रेडी, आणि तो फेरीबोटींनी करा. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. गाडी बोटीत चढते, दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे, आणि त्या वेळात बोटीवरची माणसं तुम्हाला सगळी बातमी देतात, कुठे काय मिळतं, कुठला रस्ता खराब आहे, कुणाकडे जेवायचं. ते गुगल मॅपवर नसतं.

प्रश्न : पश्चिमेला खाड्या आणि पूर्वेला त्रिभुज प्रदेश, हे पुस्तकात वाचलंय. पण असं का आणि त्यानं लोकांच्या जगण्यात काय फरक पडतो? (लातूर, अकरावी)

छान विचारलंस, दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. सह्याद्री समुद्राला खेटून उभा आहे. कोकणातली नदी डोंगरातून उतरते आणि शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत समुद्रात पोचते, गाळ आणून पसरवायला तिला ना वेळ ना सपाट जागा, उलट भरतीचं पाणी नदीत आत शिरतं आणि खाडी होते. पूर्वेला महानदी, गोदावरी, कृष्णा, कावेरी या नद्या अर्धा देश ओलांडून, दमून, गाळ घेऊन येतात आणि सपाट जमिनीवर तो टाकतात. (नर्मदा आणि तापी लांबून येतात तरी पश्चिमेला खाडीच करतात, खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा जोर इतका की गाळ टिकून त्रिभुज होत नाही.)

आता माणसांचं. कोकणात खाडी म्हणजे बंदर, आणि बंदर म्हणजे किल्ला. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, सगळी खाडीच्या तोंडाशी. शेती मात्र तुकड्या-तुकड्यांची, म्हणून घरटी एक माणूस मुंबईला. पूर्वेला कावेरी-गोदावरीच्या मुखाशी भाताची प्रचंड शेती, मोठी राज्यं, मोठी देवळं. पण जमीन सपाट आणि बुटकी असल्यामुळे चक्रीवादळात समुद्र कित्येक किलोमीटर आत येतो. ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यात सातभाया म्हणून गावांचा एक गटच होता, एकेक करून ती गावं समुद्रात गेली आणि उरलेल्या लोकांना सरकारनं बागपाटियाला हलवलं. भूगोलाच्या पेपरात दोन मार्कांचा प्रश्न असतो तो, पण तिथल्या माणसांचं घर, देऊळ, विहीर सगळं गेलंय हे लक्षात ठेव.

प्रश्न : विजयदुर्ग किल्ल्यावर हेलियमचा शोध लागला असं गाइडनं सांगितलं, साहेबाचा ओटा पण दाखवला. खरं आहे का? (कोल्हापूर)

लॉकियर नावाच्या इंग्रज साहेबानं किल्ल्यावरच्या या ओट्यावरून सूर्यग्रहण बघताना हेलियम शोधला, ही गोष्ट मलाही लहानपणापासून प्रिय आहे, पण तारखा तपासल्या की ती जुळत नाही. खग्रास सूर्यग्रहण झालं १८ ऑगस्ट १८६८ ला. ऑगस्टात कोकणात आभाळ कसं असतं ते तुम्हाला कोल्हापूरकरांना सांगायला नको. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यानं ते ग्रहण पाहिलं ते आंध्रातल्या गुंटूरहून. आणि ज्या लॉकियर साहेबाचं नाव विजयदुर्गाशी जोडतात तो त्या वेळी भारतात नव्हताच, त्यानं इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सूर्याच्या वर्णपटात हेलियमची पिवळी रेघ पाहिली आणि पुढे ती एका नवीन मूलद्रव्याची आहे असं मांडलं. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ साल उजाडलं, रॅमसे यांच्या प्रयोगशाळेत.

मग ओटा कुठून आला? तर लॉकियर विजयदुर्गाला खरंच आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, मोठी मोहीम घेऊन, दुर्बिणी आणि यंत्रं घेऊन. तीस वर्षांचं अंतर असलेली दोन ग्रहणं लोकांच्या तोंडी एक झाली. माझं म्हणणं असं की खरी गोष्ट कमी भारी नाही, जगातला एक अव्वल सूर्यशास्त्रज्ञ देवगड तालुक्यातल्या किल्ल्यावर तंबू ठोकून बसला होता आणि गावकरी ते बघत होते, गाइडनं हे सांगावं ना. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं जे १२ मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले त्यात विजयदुर्ग आहे, सोबत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्गही. आता जगभरातून माणसं येणार तर माहिती पक्की असलेली बरी.

प्रश्न : किनाऱ्यावरचे लोक म्हणजे कोळी एवढंच आम्हाला माहीत. लेकीला प्रोजेक्ट आहे, अजून कोण कोण आहेत? (पुणे)

बाप रे, हा प्रश्न मी सगळ्यात आधी घ्यायला हवा होता. नुसत्या महाराष्ट्राचं सांगते, तरी जागा पुरणार नाही.

पालघर-मुंबई-रायगडला कोळी, त्यातही सोनकोळी. वसई-वर्सोवा पट्ट्यात त्यांची डोलची जाळी, खुंट रोवून बांधलेली मोठी पिशवीच म्हणा, भरती-ओहोटीच्या ओढीनं बोंबील आपोआप आत येतो, बोटीनं मागे धावायचं नाही. उरण-पेणला आगरी, ज्यांनी बांध घालून खाडीकडून जमीन घेतली आणि मिठागरं पिकवली. खाली रत्नागिरीला खारवी, आणि दाल्दी हे मुसलमान मच्छीमार. भंडारी सगळीकडे, माडाची माडी काढणारे, आणि मराठ्यांच्या आरमारात लढणारेही. मालवण-देवगडला गाबीत. कान्होजी आंग्र्यांचं नाव घेताना आपण एकटे कान्होजी बघतो, पण आरमाराची गुराबा आणि गलबतं ही जहाजं चालवणारे हात याच गावांतले होते.

मालवणला गेलात तर रापण नक्की बघा. होडीतून लांबलचक जाळं अर्धगोल टाकतात, दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि मग पन्नास-पन्नास माणसं दोन बाजूंनी ओढतात. मिळालेल्या म्हावऱ्याचे वाटे पडतात, जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. मला हे भयंकर आवडतं कारण यात म्हातारा माणूस, शाळेतला पोरगा, कुणीही हात लावला तरी त्याचं घर चालतं. आणि हीच रापण आज अडचणीत आहे. समुद्रात रात्री एलईडीचे प्रखर दिवे लावून मासे गोळा करून उपसतात, किनाऱ्याजवळ मासळी येतच नाही. केंद्रानं २०१७ सालीच एलईडी मासेमारीवर बंदी घातली, पण अजूनही दर हंगामात यावरून समुद्रात भांडणं होतात. लेकीच्या प्रोजेक्टमध्ये हे लिहाच, नुसते पारंपरिक पोशाखाचे फोटो चिकटवून भागत नाही.

आता ज्यांच्याबद्दल सहसा कुणी सांगत नाही ते. अलिबागजवळ नवगावला बेने इस्रायली म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांचं जुनं दफनस्थान आहे, त्यांच्या परंपरेनुसार पूर्वज जहाज फुटून इथे किनाऱ्याला लागले. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. आडनावं बघा, रोहेकर, पेणकर, किहीमकर! पुष्कळ कुटुंबं इस्रायलला गेली, पण तिथेही घरात मराठी बोलणारी माणसं आहेत.

आणि तिथून जवळच, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, कोर्लई. पोर्तुगीजांनी तो मुलूख १७४० साली सोडला, पण किल्ल्याखालच्या गावातली ख्रिस्ती माणसं आजही पोर्तुगीजमधून तयार झालेली स्वतःची वेगळी भाषा बोलतात, मराठीचे ठसे तिच्यावर भरपूर. बोलणारे हजाराच्या आसपास. एवढ्याशा गावानं पावणेतीनशेहून जास्त वर्षं भाषा सांभाळली, शाळा मराठी, बाजार मराठी, तरी घरात ती. आपण कोर्लईला लाइटहाउस बघतो, किल्ल्यावर फोटो काढतो आणि निघतो. पुढच्या वेळी गावात थांबा, चहा प्या, बोला. फक्त प्राणिसंग्रहालयात आल्यासारखं मोबाइल पुढे करून "बोलून दाखवा" म्हणू नका.

प्रश्न : वेळासला कासव महोत्सवाला मुलांना न्यायचंय, नक्की कधी जायचं? कासव दिसेलच ना? (ठाणे)

"दिसेलच" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ऑलिव्ह रिडले माद्या आपल्याकडे साधारण नोव्हेंबर ते मार्च रात्री येऊन अंडी घालतात, एका घरट्यात शंभरच्या आसपास. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस, म्हणून बघायला फेब्रुवारी ते एप्रिल. सकाळ-संध्याकाळ घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलून बघतात, पिल्लं आली असतील तर समुद्राकडे सोडतात. दोन रात्री राहा, म्हणजे चार वेळा संधी मिळते. गावातच घरगुती राहायची-जेवायची सोय आहे, तिथेच राहा, कारण वेळासची गोष्टच ती आहे. पूर्वी तिथे अंडी उकरून नेली जायची. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं काम सुरू केलं आणि गावकऱ्यांना बरोबर घेतलं, आता कासव टिकलं तर गावाला रोजगार आहे. आंजर्ले, गुहागर अशा बऱ्याच गावांनी पुढे तेच केलं.

मुलांना दोन गोष्टी नक्की सांगा. एक, पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. तापमान वाढतंय म्हणजे काय होणार ते मुलंच विचार करतील. दुसरी गोष्ट तर मला वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. ओडिशाला गहिरमाथा, ऋषिकुल्या इथे हजारो-लाखो माद्या एकदम येतात, आपल्याकडे एकेकट्या, त्यामुळे दोन्ही वेगळ्या असाव्यात असं वाटायचं. पण ओडिशात २०२१ साली पंखाला टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे बंगालच्या उपसागरातून निघून, दक्षिणेला वळसा घालून, अरबी समुद्रात येऊन आपल्या वाळूत घरटं! आपण राज्याराज्यांत किनारा वाटून घेतलाय, तिच्या लेखी तो एकच आहे. ओडिशातल्या ट्रॉलरच्या जाळ्यात ती मेली असती तर गुहागरला पिल्लं झाली नसती.

तिथे गेल्यावर फ्लॅश नाही, पिल्लाला हात नाही, आणि दोरीच्या मागे उभं राहायचं. मुलं ऐकतात, मोठ्यांना सांगावं लागतं.

प्रश्न : पूर्व किनाऱ्यावर आपलं मराठी माणसाचं काही आहे का? चेन्नईला मुलगा असतो म्हणून विचारतेय. (नाशिक)

आहे की ताई, आणि फार सुंदर आहे. तंजावरचे भोसले. मोठ्या देवळाच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले वंशाचा सबंध इतिहास मराठीत कोरून घेतलाय, तो बघाच, पण समुद्रासाठी म्हणाल तर पट्टुकोट्टईजवळ मनोरा आहे, अगदी पाण्याच्या काठाला. इंग्रजांनी नेपोलियनला हरवलं त्याची आठवण म्हणून याच सरफोजींनी १८१४ च्या सुमाराला बांधलेला षट्कोनी मजल्यांचा बुरूज. एका मराठी राजानं तमिळ किनाऱ्यावर युरोपातल्या लढाईचं स्मारक बांधलं, त्या काळचं सगळं राजकारण, इंग्रजांपुढची मिंधेपणाची अवस्थासुद्धा, त्यात दिसते, मला तरी तिथे अभिमान आणि वाईट दोन्ही वाटलं. त्याच्या समोरच्या उथळ समुद्रात समुद्रगवत आहे आणि ते खाणारी समुद्रगाय म्हणजे डुगाँग. तमिळनाडूनं २०२२ साली तिच्यासाठी ४४८ चौ.किमी. चं राखीव क्षेत्र केलं, देशातलं पहिलं.

चेन्नईहून खाली उतरताना तरंगंबाडीला एक रात्र थांबा. डेन्मार्कवाले १६२० ला इथे आले, त्यांचा डान्सबोर्ग किल्ला अजून समुद्राकडे तोंड करून उभा आहे, १८४५ ला त्यांनी गाव इंग्रजांना विकलं. सरफोजींना शिकवणारे श्वार्ट्झ हे मिशनरी इथल्याच डॅनिश मिशनचे, म्हणजे तंजावरशी दोरा जुळतो बघा.

पुढे रामेश्वरला जालच, तर धनुष्कोडीपर्यंत जा. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळात ते गाव आणि प्रवाशांनी भरलेली रेल्वे, दोन्ही गेलं. स्टेशनाच्या, चर्चच्या भिंती उभ्या आहेत. तिथे शंखांच्या माळा विकणाऱ्या बायका बसतात, त्यांच्याकडून काहीतरी घ्या, त्या तिथेच झोपड्यांत राहून दिवस काढतात.

प्रश्न : कुलाबा किल्ल्यावर चालत जायचं होतं पण पाणी भरलेलं. भरती-ओहोटीची वेळ आधी कशी कळणार? (सोलापूर)

कोकणातली जुनी रीत शिकून घ्या, मोबाइलला रेंज नसली तरी चालते. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल त्या वाजता साधारण पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाला पाऊणनं गुणलं की सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. पण अष्टमीला भांग असतो, पाणी फार वर चढत नाही आणि फार मागेही जात नाही, म्हणून किल्ल्यासाठी तो दिवस नको. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी खूप मागे जातं, पण ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या आसपास. त्यामुळे सोयीचा दिवस म्हणजे तृतीया किंवा चतुर्थी, उधाणाचा जोर बाकी असतो आणि ओहोटी सकाळी साडेआठ-नऊला. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी वळलं की परत फिरा, पाणी वळल्यावर "अजून एक फोटो" करत थांबलेली माणसं अडकतात. गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही, हिशोब बरोबर असला तरी.

हा हिशोब मुंबई-कोकणापुरता. भावनगरला पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, तमिळनाडूत जेमतेम मीटरभर. तुम्हाला ओहोटीचा समुद्र आवडत असेल तर जामनगरजवळ नरारा बघा, ओहोटीला प्रवाळावरून चालता येतं, वनखात्याची परवानगी आणि जाड तळाचे बूट लागतात. ओडिशातलं चांदीपूर आणखी वेगळं, समुद्र पाच-पाच किलोमीटर मागे जातो.

प्रश्न : जूनमध्ये मालवणला जातोय, ताजा सुरमई-पापलेट कुठे चांगला? (औंध, पुणे)

जूनमध्ये? १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिकी मासेमारी बंद असते, मासे अंडी घालतात म्हणून (पूर्व किनाऱ्यावर बंदी १५ एप्रिल ते १४ जून). त्या काळात ताटात आलेलं पापलेट बर्फातलं असतं किंवा बाहेरून आलेलं. पापलेट २०२३ पासून आपला राज्यमासा आहे, तळहाताएवढं पिल्लू-पापलेट तर कधीच मागू नका, ते वाढायच्या आत आपण खातो. जूनमध्ये सुकं खा. सुक्या बोंबलाची चटणी, सोड्यांची खिचडी, गोलमा (बारीक सुकी कोळंबी), खाडीतल्या तिसऱ्या (शिंपल्या) मिळाल्या तर त्या. होमस्टेच्या काकूंना आदल्या दिवशी सांगून ठेवा. आणि किल्ल्याच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात, सिंधुदुर्ग धक्क्यावरूनच बघावा लागेल, त्यामुळे तारखा बदलता आल्या तर नारळी पौर्णिमेनंतरच्या घ्या.